पांढरं कापड

टेकडीच्या वळणावर खवागा, थडगी खोदून घेणारा तो परदेशी साहेब, दिसला आणि भिंतीच्या सावलीत टेकलेले म्हातारे उठून उभे राहिले. दोन्ही हात पुढे पसरलेले, हातांवर पांढरं सुती कापड, डोकं उघडं, मान खाली. धापा टाकत तो बखीतच्या घराकडेच चढत होता.

"कफन घेऊन आलाय!" एकजण म्हणाला. "गोरा असून रीत पाळली, बघा."

त्याच्या आधी बातमी घरी पोचली. बखीतची आई नफीसा उन्हात फुगायला ठेवलेले पाव झाकत होती. तिचे हात तसेच राहिले.

खवागाच्या कामावर असताना बखीत जुन्या थडग्यात, कोसळलेल्या छताखाली गाडला गेला, तेव्हापासून या घरानं कुणाचं सांत्वन घेतलं नव्हतं. दारात खुर्च्या मांडल्या नव्हत्या, बिनसाखरेची कॉफी चढवली नव्हती. रक्ताचं मिटल्याशिवाय गुर्ना गावात कुणी गेलेल्यासाठी रडायला बसत नाही. आणि ते मिटतं दोनच तऱ्हांनी. मारणारा मरतो, नाहीतर स्वतःचं कफन हातांवर घेऊन दारात येतो. मग त्याला मारायचं की माफ करायचं ते त्या घरानं ठरवायचं.

"शाजली, खुर्च्या आण," नफीसा धाकट्याला म्हणाली.

"यम्मा, सुरी आणू?"

"आधी खुर्च्या."

शेजारणी काळे पदर ओढून आल्या. कॉफी उकळायला लागली. इतके दिवस गळ्यात अडकलेलं गाणं थोरल्या जावेनं हलकेच सोडलं,

"लेक उतरला खाली, दिवा घेऊनिया हाती,
दिवा वर आला बाई, लेकावरती माती."

खवागा अंगणात आला. गावाचे शेख रादी त्याला सामोरे गेले. "ये बाबा. शहाण्यासारखं केलंस. तिच्यासमोर ठेव आणि काय बोलायचं ते बोल."

खवागानं ओझं नफीसाच्या मांडीवर ठेवलं, स्वतःच कापडाची घडी उलगडली. आतून पुस्तक निघालं. पाटाएवढं, चकचकीत, वर कुठल्याशा राणीचा रंगवलेला चेहरा.

"वाटेत फार धूळ," तो हसत म्हणाला. "खराब होऊ नये म्हणून गुंडाळलं."

गाणं थांबलं. खुर्ची उचलून आणणाऱ्यानं ती होती तिथंच टेकवली.

"आत बखीत आहे, उम्म बखीत, तुमचा लेक!" खवागा उत्साहानं पानं उलटू लागला. थडगी, मुडद्यांच्या पेट्या, कवड्यांच्या माळा, पुन्हा थडगी. मग दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र. निळ्यालाल भिंती, चांदण्या काढलेलं छत, आणि खाली दिवा उंच धरून बखीत. दात दिसेपर्यंत हसत होता. "सगळ्या पुस्तकात हेच चित्र लोकांना आवडतं."

नफीसानं लेकाच्या गालावर बोट ठेवलं. थोडा वेळ ते तिथंच राहिलं. मग डाळीतले खडे बघावेत तसं ते छतावरून फिरलं, भिंतींवरून फिरलं, कोपऱ्याकोपऱ्यात गेलं.

"टेकू कुठायत?"

"काय?"

"छताखालचे. लाकडाचे. माझ्या दोन्ही पोरांनी ठोकलेले."

खवागा तिच्याकडे न बघता चित्राकडेच बघत राहिला. "ते... मध्ये येत होते. चित्रात. थोड्याच वेळासाठी काढायला सांगितले होते."

"कुणी?"

"मीच. पण चौकशीत तर..."

"चौकशीत मजुरांनी टेकू कच्चे ठोकले असं लिहिलं," शाजली म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "म्हणजे मी. माझ्या भावाला मी मारलं असं लिहिलं!"

टेकू खवागानंच काढायला लावले, हे शाजली ओरडून ओरडून थकला होता. खवागाच्या तोंडून गाव आज पहिल्यांदा ऐकत होतं. शेख रादींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि ते बाजूला सरले. खवागा आणि दार यांच्यामध्ये आता कुणी नव्हतं.

नफीसानं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"ने."

"निदान बखीतचं पान तरी ठेवा. मी कापून देतो."

"नको. त्याला तुझ्याच घरी राहू दे. तुझ्याकडे बघत राहील."

खवागानं पुस्तक काखेत घेतलं आणि कापडासाठी हात पुढे केला. नफीसानं कापड झटकलं. वाटेतली धूळ उन्हात उडाली.

"हे राहू दे. शाजली, खुर्च्या ज्याच्या त्याला देऊन ये. कॉफी ओतून टाक. आज नाही."

चुलीवरचं भांडं रेतीत उपडं झालं. काळा डाग पसरला आणि बघताबघता आत जिरला.

नफीसा उठली. कापडाचं एक टोक तिनं खवागाच्या खांद्याला लावलं आणि खाली सोडलं. ते त्याच्या गुडघ्याशी थांबलं. शिंप्यानं बघावं तसं तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आखूड पडतंय," ती शांतपणे म्हणाली. "खालून जोड देऊन ठेवते. तू ये सावकाश."