पदराखालचा हात

सांगलीच्या दवाखान्यात रोज सकाळी डॉक्टर रक्त घ्यायला आले, की बनुबाई बेशुद्ध नातवाचा हात पदराखाली झाकून घ्यायची.

"आदीच पोरगं वाळलंय, त्यात रोज रगत काढताय व्हय?"

"आजी, रक्तात नायट्रिक ऑक्साइड नावाचं एक द्रव्य असतं. ते किती वाढलंय त्यावरून आजार कुठवर गेलाय ते कळतं," डॉक्टर समजावायचे, आणि हळूच पदर सारायचे.

आज डॉक्टर आले ते सुई न घेताच. नातवाची नाडी धरून बराच वेळ उभे राहिले.

"कवठे महांकाळला निरोप धाडा, आजी. घरच्यांना बोलावून घ्या."

बनुबाईनं आपणहून पदर बाजूला केला, नातवाचा हात त्यांच्यापुढं धरला.

"आवं, रगत घ्या की. पायजे तेवढं घ्या."