कुंपणाच्या आत

"कारण काय, एवढंच विचारतोय," मधल्या खुर्चीतले सरदार म्हणाले. सरदाराला आमच्यात नाना म्हणतात.

त्यांच्या वतीने बोलणाऱ्या काठीधाऱ्याने ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. सरदाराचा शब्द थेट कुणाच्या अंगावर टाकायचा नसतो. "नाना विचारतात, आमा बिरागोला घराण्याच्या स्मशानात जागा का नाही?"

घराण्याचा कर्ता याव फ्रेंपोंग उभा होता. ऐंशीला टेकलेला माणूस. सरदारांपुढे म्हणून खांद्यावरचं वस्त्र कमरेपर्यंत उतरवलेलं.

समोरच्या बाकावर आमाची मुलगी अकुआ काळ्या वस्त्रात बसली होती. आईला जाऊन चौदा महिने झाले, आणि आई अजून इस्पितळाच्या थंड खणात पडून. गावच्या सरदारांच्या परिषदेने निकाल दिला होता, जागा नाही. खाली कारण लिहिलंच नव्हतं. म्हणून तर अकुआ अपिलात इथे, प्रांताच्या तीन सरदारांपुढे आली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात; आमच्यात कुणाचंच मूळ काढायचं नाही, तसा कायदाच आहे आणि फार जुना आहे. मीही काढणार नाही. इतकंच म्हणतो, काही पणज्या घरात जन्मतात, आणि काही बाजारातून विकत आणलेल्या असतात.

"बोला ना मामा," अकुआ म्हणाली. "गावात कुजबुजायला येतं, इथे दातखीळ बसली?"

"बाई, जे काय ते नानांना सांगा," काठीधारी म्हणाला.

बैठकीच्या सुरुवातीला पूर्वजांची नावं घेऊन मद्य ओतलं होतं. त्याचा डाग फरशीवर अजून ओला होता. याव त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याचा पाय त्या डागापासून हळूच मागे सरकला.

"मला काही सांगायचं नाही, नाना."

तिघे सरदार एकमेकांकडे झुकले. फार वेळ लागला नाही. जे कारण तोंडाने सांगता येत नाही, त्यावर निकाल उभा राहत नाही. अपील मंजूर. आमा बिरागोला कुंपणाच्या आत जागा द्यावी.

अकुआला आनंद व्हायला हवा होता. तिला थंडी वाजली. भर उन्हाच्या व्हरांड्यात ती वस्त्र घट्ट लपेटून उभी राहिली, आणि याव बाहेर आला तेव्हा तिने त्याची वाट अडवली.

"मूठमाती देताना आतल्या पूर्वजांना तिची ओळख तुम्हीच करून देणार ना?"

"कर्ता आहे मी. दुसरं कोण देणार? ही आमा, अमकीची मुलगी, अमकीची नात."

"आणि ती अमकी कुठली?"

"तिथे मला थांबावं लागेल. मूळ सांगता येत नाही, यावरच तर आज तू जिंकलीस, पोरी."

"मग आतले तिला घेतील का?"

याव वस्त्राची कड उगाच चाचपत राहिला.

"शेवटच्या तापात आमा गात होती म्हणे," तो म्हणाला.

तीन रात्री आई गात होती, आणि त्यातला एक शब्दही आपल्या बोलीतला नव्हता. लहानपणी अकुआला ती तेच म्हणून झोपवायची. आणि आईला तिच्या आजीने.

"तुला येतं ते?"

"येतं. अर्थ माहीत नाही."

"कबरीपाशी ते म्हण. गाण्याला मनाई नाही."

त्याने वस्त्र खांद्यावर घेतलं आणि दोन पायऱ्या उतरला. मग थांबला, पण मागे वळला नाही.

"तुझ्या पणजीला पुरलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. कुठे पुरलं ते पाहिलंय मी. आता तिथे नुसतं गवत आहे." त्याचा आवाज खाली आला. "म्हणून मोठ्याने म्हण. कुंपणाबाहेर ऐकू गेलं पाहिजे."