चौथं पॅनेल

“ड्रिल हातात आलं म्हणून वाट्टेल तिथं चालवायचं नसतं, चाँदभाई.” रुद्राणी शिडीवरूनच म्हणाली. खाली उद्घाटनाला जमलेली पंचवीस-तीस माणसं ऐकत होती.

आष्टीच्या या अभ्यासिकेचं छत बीडहून आलेल्या या तरुण इंजिनिअर बाईनंच आखलं होतं. फायबरचे दोन थर, मधे फोम आणि वरच्या पारदर्शक थराखाली सोलरचे काळे चौकोन. पत्रा नको, वेगळं स्टँड नको. छतच वीज तयार करणार. चारपैकी तीन पॅनेलं चालू झाली. चौथं मेलेलं. बोल्टची भोकं थेट काळ्या चौकोनांतून आरपार गेली होती.

पॅनेलं बसवणाऱ्या चाँदभाईंचं गावात वेल्डिंगचं दुकान. तीस वर्षं हेच काम. मान खाली घालून त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि माणसांमधून वाट काढत निघून गेले.

दुपारी रिपोर्टला जोडायला म्हणून रुद्राणीनं लॅपटॉपवर आपला नकाशा उघडला आणि तिचे कान तापले. महिन्यापूर्वी तिनं चौकोनांची मांडणी बदलली होती. बोल्टच्या खुणा मात्र जुन्याच राहिल्या होत्या. भोकं नकाशाबरहुकूम पडली होती. एका सुताचाही फरक नव्हता.

ती दुकानात गेली. चाँदभाई एका गेटला वेल्डिंग करत होते. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, तिच्यासाठी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

“चूक माझी आहे. नकाशाच चुकला होता.”

“ठावं हाय.”

“उद्या त्याच लोकांसमोर सांगते मी.” बोलताना तिला त्यांच्याकडं बघवेना. मग काहीतरी खटकून तिनं विचारलं, “पण नकाशा तर चारही पॅनेलांना एकच होता. बाकीची तीन चालतात कशी?”

“त्यांची भोकं म्या दोन बोटं सरकवली. चौकोन वरून दिसतेत की. चौथ्याच्या वक्ताला तुमी वर आलाव अन् नकाशा धरून हुब्या ऱ्हायलाव.”

“मग तेव्हाच सांगायचं मला.”

चाँदभाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

“सांगितलं व्हतं, मॅडम. तुमी म्हणलाव, चाँदभाई, तुमी निस्ती भोकं पाडा.”