डावी कड

"हात सैल सोड. मला मदत करू नकोस," व्हर्ना म्हणाली.

ट्रेसाने हात सैल सोडला, निदान तिला तसं वाटलं. व्हर्नाने तिचं बोट शाईत लोळवलं, कार्डावर टेकवलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं. ठसा फिसकटला. उजव्या हाताचे सगळे ठसे नीट आले होते. डाव्या हाताचे येत नव्हते.

"तूच बोट फिरवतेस, पोरी. फिरवायचं काम माझं."

दुकानाच्या मागच्या या खोलीत व्हर्ना स्टिल्टनर पिस्तूल चालवायला शिकवायची आणि पिस्तुलाच्या परवान्यासाठी बोटांचे ठसेही घ्यायची. नवरा हॉइट पुढे गल्ल्यावर बसायचा. आत्ता तो दाराच्या चौकटीला टेकून कॉफी पीत होता. ट्रेसाची दीड वर्षाची जूनी त्याच्या पायाशी बसून त्याच्या बुटाची नाडी सोडत होती.

"आपल्या राज्याचा परवाना आहे ना तुझ्याकडे? मग पुलापलीकडच्या राज्याचा कशाला?" हॉइटने विचारलं.

"पूल अर्धाच आपला आहे, मिस्टर स्टिल्टनर. माझा परवाना मधल्या सांध्यावर संपतो."

"आणि पलीकडे आहे काय? पेट्रोल महाग, माणसं आखडू."

"जूनीचे वडील," ट्रेसा म्हणाली.

हॉइटने कॉफीच्या कपात पाहिलं.

एक रविवार सोडून एक रविवार जूनीला तिच्या बापाच्या, रँडलच्या ताब्यात द्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. पुलापलीकडच्या पेट्रोल पंपाची जागा कोर्टानेच ठरवून दिली होती. मागच्या खेपेला जूनीला गाडीतल्या तिच्या छोट्या खुर्चीत बांधून ट्रेसा पुढे बसली, तर रँडलने दार धरून ठेवलं. काही बोलला नाही. ओढलं नाही, ढकललं नाही. बराच वेळ नुसतं धरून ठेवलं, आणि मग हसून सोडलं.

"पोलिसांना सांगितलंस?" व्हर्नाने विचारलं.

"काय सांगू, मॅम? दार धरलं म्हणून?"

व्हर्नाने नवं कार्ड पुढे ओढलं. "डावा हात नंतर बघू. आधी तुझी परीक्षा. रोज जे उचलतेस ते घेऊन ये, असं मी म्हणाले होते. आणलंस?"

ही व्हर्नाची जुनी रीत. कागदाच्या निशाण्यावर कुणीही गोळी मारतं, असं ती म्हणायची. खरा माणूस मोकळ्या हातांनी कधी उभा नसतो. कुणी किराण्याच्या पिशव्या आणायचा, कुणी म्हाताऱ्या आईची चाकाची खुर्ची. एक पाद्री बासरी वाजवत आला होता, त्याला तिने परत पाठवलं होतं.

ट्रेसाने हॉइटच्या पायाशी बोट दाखवलं.

"वाटलंच मला," व्हर्ना म्हणाली.

तिने ट्रेसाच्या पट्ट्याला पिस्तुलाची चामडी खोळ अडकवली. ट्रेसा डावखुरी, म्हणून डाव्या बाजूला. खोळीत सरावाचं निळं प्लास्टिकचं पिस्तूल. ट्रेसाने हातावरची शाई कशीबशी पुसली, जूनीला उचललं आणि सवयीने डाव्या कडेवर घेतलं. जूनीने लगेच कान आईच्या छातीला लावला आणि अंगठा तोंडात घातला.

"काढ."

ट्रेसाचा हात निघालाच नाही. त्या हातावर लेक बसली होती, आणि लेकीचा पाय बरोबर खोळीवर लोंबत होता.

"मेलीस," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "उजव्या कडेवर घे."

ट्रेसाने तिला उजवीकडे घेतलं. जूनी कुरकुरली, वळवळली. मग मान लांब करून तिने आईची सगळी छाती ओलांडली आणि डाव्या बाजूला कान नेऊन टेकवला. पोर अशी आडवी झाली की दोघींचाही तोल जातो की काय!

"तिला तिकडेच लागतं," ट्रेसा म्हणाली. "जन्मल्यापासून. तिकडे ऐकू येतं ना."

"काय?"

"ठोके," ट्रेसा पुटपुटली. हॉइटने घसा खाकरला.

"व्हर्ना, सोड ना तिला. करून टाक सही."

"तू तुझी नाडी बांध," व्हर्ना म्हणाली. "सही केली की ही जाऊन उभी राहील तिथे, कमरेला लोखंड लावून. काढायला गेली तर पोर पडेल. नाही काढलं तर तो काढून घेईल." ती ट्रेसाकडे वळली. "पुन्हा. उजवी कड. डावा हात मोकळा ठेवायचा. लेकरू रडलं तर रडू दे. काढ!"

आवाज मोठा होता. जूनी दचकली आणि भोकाड पसरलं.

ट्रेसाचा डावा हात मोकळा होता. खोळ त्याच्यापासून वीतभरही लांब नव्हती. हात खाली निघाला, मधेच वळला, आणि जूनीच्या पाठीवर जाऊन थांबला. तिथेच राहिला. "नाही गं, नाही गं," ती पुटपुटत राहिली, आणि पाठीवरची बोटं हळूहळू सैल पडली.



जूनी निवली. ट्रेसाने तिचे डोळे पुसायला हात उचलला. झबल्याच्या पांढऱ्या कापडावर पाच काळी बोटं उमटली होती, शेंड्यापासून पेरापर्यंत, रेष न् रेष.

व्हर्नाने चष्मा वर सरकवला आणि वाकून पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "हे बरोबर आलेत."

"मी पुढच्या आठवड्यात परत येते, मॅम. घरी सराव करते. खरंच करते."

"करशीलच." व्हर्नाने निळं पिस्तूल खोळीतून काढून टेबलावर ठेवलं आणि कोरं कार्ड परत खणात सरकवलं. "पुढची खेप कधी? पोरीला न्यायची?"

"याच रविवारी."

रविवारी चर्चहून आल्यावर व्हर्नाच्या घरी कोंबडी तळली जायची. लग्न झाल्यापासून तो नेम चुकला नव्हता, आणि चर्चहून आल्यावर ती कुणासाठी उंबरा ओलांडत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तिने शाईची पाटी पुसली. मग मान न वळवता म्हणाली, "हॉइट, या रविवारी कोंबडी तूच तळ."