लाल चौकट

साहेबांनी मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा माउसवर हात ठेवला. प्रोग्रामर त्यांच्या खुर्चीमागे उभा होता, हात पाठीशी बांधलेले. बाहेरून येणाऱ्याचे हात बांधायचेच, असा त्या तुरुंगाचा नियम होता. पाहुणा असो की जावई.

पडद्यावर तक्ता होता. एक चौकट म्हणजे एक कोठडी. शेवटच्या ओळीत त्याचा धाकटा भाऊ. त्याने बनवलेलं हे पान नीट चाललं तर भाऊ आजच घरी, असं ठरलं होतं.

"बाण न्याल ती चौकट लाल होते," प्रोग्रामर म्हणाला. "क्लिक केलंत की कैद्याची सुटका."

"वा, पंडित. आमच्या मोतीबिंदूची काळजी घेतलीस. पहारेकऱ्यांनाही दिसतंय ना?"

"हो. हेच पान बाहेरच्या पडद्यावर आहे."

साहेबांनी बाण पहिल्या चौकटीवर नेला. ती लाल झाली. भिंतीपलीकडे दार आपटलं, दांडका पडल्याचा ओला आवाज आला आणि कोणीतरी किंचाळलं. बाण सरकला. पुढची चौकट, पुढचं दार, पुढची किंकाळी.

"साहेब, हे काय?"

"पोरं कामाला लागली. पूर्वी दारावर लाल दिवा असायचा. पेटला की मारायचं, विझेपर्यंत. सवय मुरलीय. तुला कुणी बोललं नाही?"

कुणी बोललं नव्हतं. निळा साहेबांना दिसत नाही म्हणून त्याने लाल घेतला होता.

"हात सोडा माझे. रंग बदलतो."

"आधी भावाला तर सोडू. मग बस रंगवत."

बाण रमतगमत खाली निघाला. एका कोठडीत वाळकी काटकी मोडावी तसं हाड मोडलं. पुढच्या कोठडीतला आईला हाका मारत होता. त्याच्या पुढच्याला तेवढीही सवड मिळाली नाही.

बाण शेवटच्या ओळीत आला.

"साहेब, थांबा."

साहेब भल्या माणसासारखे थांबले. नेमके भावाच्या चौकटीवर. पलीकडे दार आपटलं.

"क्लिक करा, साहेब. लवकर."

साहेबांनी क्लिक केलं. लाल चौकटीत पांढरी अक्षरं उमटली: सुटका. पलीकडे दांडका चालूच होता. आणि भावाचा आवाज त्याने ओळखला.

"हात काढा. माउसवरचा हात काढा."

साहेबांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. बाण होता तिथेच राहिला, चौकट लालच.