हवापालट

तिने त्याचा मफलर सोडवला, झटकला आणि पुन्हा नीट गुंडाळून दिला. "कान झाक. वारा बघ कसा बोचतोय."

त्याने मफलर कानांवर ओढला. या सहलीआधी कित्येक महिने तिने आपणहून त्याला हात लावला नव्हता.

तळ्याच्या काठाचं पाणी गोठून पांढरं पडलं होतं. लॉजची मालकीण चहा घेऊन बाहेर आली. दोघांना असं जवळ उभं बघून म्हणाली, "नवीन लग्न वाटतं!"

तो गडबडला. तीच हसून म्हणाली, "जुनंच आहे हो. टिकलंय एवढंच." आणि तिने त्याचा दंड धरला.

खरं तर टिकलं नव्हतं. थंडी सुरू व्हायच्या आधीच एके दिवशी जेवता जेवता तिने सांगून टाकलं होतं. भांडण नव्हतं, तिसरं कुणी नव्हतं. "तुझं काही चुकलं नाही रे. माझं मनच उडालंय. ओढूनताणून किती दिवस रेटायचं?" तेव्हापासून ती दुसऱ्या खोलीत झोपायची. हिवाळ्याच्या सुट्टीत तिच्या माहेरी नेहमीसारखं जायचं, हसून-बोलून राहायचं आणि सुट्टी संपली की वेगळं व्हायचं, असं दोघांनी ठरवलं. तिच्या दादाच्या आजारपणाने घर आधीच खचलं होतं.

दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिसवर दिवस निघत होते. सासूबाईंना मधुमेह, सासऱ्यांचं हृदय कमजोर, तिचा रक्तगट निराळा. राहता राहिला जावई. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आधी सगळं तपासायचं, मग तोंड उघडायचं, ही कामाची सवय. त्याने कुणाला न सांगता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. त्याचं जुळत होतं.

माहेरी पोचल्या दिवशीच तो दादाच्या खोलीत गेला. दार लोटून घेतलं. "दादा, माझं जुळतंय. मी देतो."

दादाने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "जावईबापू, सासरहून काहीतरी घेऊन जायचं असतं रे. तू उलट देऊन चाललास?"

दोघंही हसले. हसता हसता दादाचे डोळे भरून आले. या लग्नाला सगळं घर नाही म्हणत होतं, तेव्हा एकटा दादा त्याच्या बाजूने उभा राहिला होता. तो ते विसरला नव्हता.

"फक्त तिला आत्ताच सांगू नका," तो म्हणाला. "वेळ आली की मीच सांगेन."

का, ते त्याने सांगितलं नाही. तिचं मन फिरलंच तर ते त्याच्यासाठी फिरावं, एवढीच त्याची आशा होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विषय काढला. "दोघंही किती सुकलात! जा, तळ्यावर राहून या चार दिवस. तेवढीच हवापालट. दादाकडे आम्ही आहोत." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसेल, असं त्याने धरून चाललं होतं. बस सुटली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

इथे आल्यापासून ती त्याला संत्री सोलून देत होती. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांचे त्याचे जुनेच किस्से ती नव्याने ऐकत होती. पलंगावर ती त्याच्या बाजूला सरकून झोपत होती. एकदा न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "साबण गेला," म्हणाली. त्याने लगेच मानलं. हवं ते पटायला माणसाला वेळ लागत नाही.

दादाचा विषय तिने एकदाही काढला नाही. काही मागितलं नाही, काही सुचवलंही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. हे सगळं आपल्यासाठी आहे, निव्वळ आपल्यासाठी.

निघायच्या सकाळी ती बॅग भरत होती. त्याला राहवेना.

"एक सांगायचंय. दादाला मूत्रपिंड मी देतोय."

तिने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली. "माहीत आहे. तू त्याला सांगितलंस, त्याच संध्याकाळी त्याने मला सांगितलं. त्याच्या पोटात काही राहतं का? लहान मुलासारखा रडत होता."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थिजलं. पलंग, संत्री, बसमधला खांदा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून उलट्या क्रमाने गेलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"मी ते दादासाठी करतोय. आणि करणारच आहे. त्यात तुझं देणं-घेणं काही नाही. आपलं जे ठरलं होतं ते ठरलंय. तू मोकळी आहेस."

ती त्याच्याशेजारी येऊन बसली. त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला, आजारी माणसाचा घ्यावा तसा, जपून.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने सोडून जाऊ मी तुला?"