फ्लेक्सवरची चिऊ

एसटी थांब्यावरच्या फ्लेक्सवर नयनाची दोन वर्षांची चिऊ खुदुखुदू हसत होती. खाली ठळक अक्षरं: ‘युरेनियम आपलं, भविष्य आपलं!’ टेकडीवर ड्रिल मारणाऱ्या नव्या कंपनीनं लसीकरणाच्या दिवशी न विचारता काढलेला फोटो होता तो.

“नशीब काढलं गं पोरीनं!” सासूबाई हरखल्या होत्या.

सरपंचांनी मात्र भर चौकात टोमणा मारला, “तुझीच पोर त्यांच्या बाजूनं, मग ग्रामसभेत विरोध कसला करतेस?” टेकडीतलं पाणी गावच्या विहिरीत उतरतं. वर खाण झाली तर चिऊ काय पिणार, या घोरानं बीएस्सी झालेल्या नयनाचा डोळा लागत नव्हता. आणि इथं लेकीच्याच तोंडून होकार वदवला जात होता.

चिऊला सासूबाईंच्या कडेवर देऊन ती कात्रीसकट फ्लेक्सखाली मांडलेल्या स्टुलावर चढली.

कंपनीचा माणूस धावत आला. “ताई, फ्लेक्स कंपनीचा आहे!”

“फ्लेक्स तुमचाच राहू दे. पोर माझी आहे, तेवढी नेते.”

कात्री चिऊच्या गालाला वळसा घालत फिरू लागली. तो सासूबाईंकडे वळून हसला. “आजी, समजवा सुनेला. पोरगी आमच्याकडे कॉम्प्युटरवर आहेच, उद्या दुसरी छापू.”

सासूबाईंनी नातीला घट्ट आवळलं आणि डुगडुगणाऱ्या स्टुलावर पाय रोवला.

“कान राहिलाय बघ गं तिचा,” त्या सुनेला म्हणाल्या. “तोही काढ. उद्याची उद्या कापू.”